तळ्यापलीकडून येणारी प्रार्थना

मी तेव्हा तेरा वर्षांची होते. चांद्याच्या मुलींच्या शाळेत सातवी संपवून आठवीत जाणार होते. वडील पोस्टात कारकून होते आणि सुट्टीत कुठे जायचं म्हटलं की मामाचं घर, यापलीकडे आमचं जग नव्हतं. त्यामुळे शाळेच्या मोठ्या बाईंनी जेव्हा सांगितलं की या मे महिन्यात मुलींचं पंधरा दिवसांचं शिबिर सावली गावाकडच्या एका खेड्यात न्यायचं आहे, तेव्हा मी घरी जाऊन जेवण सोडायची धमकी दिली. वडील म्हणाले, "जाऊ दे. बाई बरोबर आहेत." आई म्हणाली, "तळ्यात डोकावू नको म्हणजे झालं."

ते श्रमदानाचे दिवस होते. कोणी रस्ता बांधत होतं, कोणी विहीर उपसत होतं. आम्ही बावीस मुली तळ्याच्या पायऱ्यांवरचा गाळ काढणार होतो आणि गावातल्या बायकांना अक्षरं शिकवणार होतो. मोठ्या बाई पन्नाशीच्या होत्या, विधवा, कायम पांढऱ्या खादीच्या लुगड्यात. त्या रागवायच्या कमी, पण हसायच्या त्याहून कमी, म्हणून आम्ही त्यांना भिऊन असायचो.

त्या शिबिरात मला एकच खंत होती. माझी मैत्रीण बरोबर नव्हती.

तीन वर्षं आम्ही एका बाकावर बसलो होतो. ती नदीपल्याडची, चामोर्शीकडची, ढिवराच्या, मासे धरणाऱ्यांच्या घरची. बाप लहानपणीच गेला होता. चांद्यात मामाकडे राहून शिकत होती. गणितात ती माझ्यापुढे होती आणि गाण्यात सगळ्या शाळेच्या पुढे. आमच्या शाळेची स्वतःची प्रार्थना होती. गाण्याच्या बाईंनीच ती रचली होती, त्यामुळे ती दुसऱ्या कुठल्याच शाळेत नव्हती. तिची शेवटची ओळ होती, 'वाट आम्ही सोडत नाही'. माझी मैत्रीण ती ओळ हटकून 'सोडत नाई' अशी म्हणायची. गाण्याच्या बाई टेबलावर पट्टी आपटून म्हणायच्या, "नाही! ना-ही!" ती मान हलवायची आणि पुढच्या वेळी पुन्हा 'नाई'. वर शेवटचा सूर सगळ्या थांबल्यावरही एकटीच धरून ठेवायची.

संक्रांतीनंतर ती शाळेत आलीच नाही. मी तिच्या मामाच्या घरी गेले तर मामी दारातच उभी राहिली. "गावाले गेली. आता नाई येणार," एवढंच म्हणाली. वर्गात मुली म्हणाल्या, लग्न ठरलं असेल. मला न सांगता गेली याचा मला इतका राग आला की चार महिने मी मनातल्या मनात तिच्याशी बोलणं टाकलं होतं.

आमचा मुक्काम गावच्या शाळेत होता. दोन खोल्या आणि एक लांब पडवी, तळ्याच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून. तळं फार मोठं होतं. उन्हाळ्यानं पाणी आत सरकलं होतं तरी पलीकडच्या पाळीवर उभा माणूस बोटाएवढा दिसावा. तिकडे मोहाची झाडं होती, खाली दाट पाणगवत होतं, आणि त्या बाजूला कोणी जाताना दिसायचं नाही. गुरंसुद्धा अलीकडेच पाण्यावर यायची.

पहिल्या संध्याकाळी मोठ्या बाईंनी आम्हाला पायऱ्यांवर बसवून प्रार्थना म्हणायला लावली. पाणी तांबूस झालं होतं, बगळे परतत होते. आम्ही गायला लागलो तसा तळ्यापलीकडून आमचाच आवाज परत आल्यासारखा वाटला. एकदोघी खुदकन हसल्या. बाई म्हणाल्या, "प्रतिध्वनी आहे. पाण्यावरून आवाज लांब जातो." आम्हाला गंमत वाटली. एकीनं "कूऊऊ" करून पाहिलं. त्याला मात्र काहीच उत्तर आलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी तसंच झालं. पण त्या दिवशी सगळ्यांत लहान मुलीला मध्येच ठसका लागला, ती थांबेना, म्हणून आम्ही सगळ्याच दुसऱ्या कडव्यावर थांबलो.

आवाज थांबला नाही.

पलीकडून, बारीक, सरळ, पुढचं कडवं येत होतं. बावीस मुली आणि बाई पायऱ्यांवर गप्प बसलेल्या, आणि समोर कोणी नसलेल्या पाळीवरून आमची प्रार्थना चाललेली. माझ्या शेजारची मुलगी माझं मनगट इतकं आवळून बसली की तिच्या नखांचे वण उठले. मग पाणगवतात काहीतरी पांढरं हललं आणि आवाज तुटला. कोणी पहिल्यांदा किंचाळलं ते आठवत नाही. आम्ही सगळ्या वर पडवीत पळालो.

आम्हाला रांधून घालायला गावातलीच एक म्हातारी होती. आम्ही तिला आजी म्हणायचो. आम्ही धापा टाकत सांगितलेलं सगळं तिनं चुलीतलं लाकूड सारता सारता ऐकून घेतलं.

"तिकडं जाऊ नोका बाई कोणी," ती म्हणाली. "तळ्यातली हाये ती."

"तळ्यातली म्हणजे?"

"हे तळं बांधलं तवा पाणी टिकत नव्हतं. मंग गावच्या पाटलानं आपली सून पाळीत बळी देली. नवी नवरी होती. तवापासून दिवस बुडतावेळी ते गाणं म्हणते. तुमच्यासारख्या पोरी दिसल्या का तिले खेळाले पाह्यजे."

मोठ्या बाईंनी आजीला गप्प केलं, पण उशीर झाला होता. त्या दिवसापासून आम्ही चौघी चौघींच्या टोळीनं वावरायला लागलो. तळ्यावर आंघोळीला जाताना एकीनं पाण्यात, तिघींनी काठावर. सर्वांत लहान मुलीला तिसऱ्या दिवशी ताप चढला. उन्हाचा असणार, दिवसभर उघड्या डोक्यानं गाळाच्या पाट्या उचलल्या होत्या. पण ती म्हणायला लागली की पाण्यात कोणीतरी तिचा पाय धरला होता. मग आणखी दोघींनाही आपला पाय धरल्याचं आठवलं.

बाईंनी संध्याकाळची प्रार्थना तळ्यावरून हलवली. शाळेच्या मागच्या अंगणात, तळ्याकडे पाठ करून, हलक्या आवाजात म्हणायची. चौथ्या दिवशी आम्ही तशी म्हटली आणि जेवायला बसलो. पत्रावळी मांडून झाल्या होत्या, आजी भात वाढत होती. तेवढ्यात तळ्यावरून प्रार्थना सुरू झाली. आमच्यापैकी कोणी तोंड उघडलेलं नसताना. पहिल्या ओळीपासून.

आजीच्या हातातला भात तिथेच राहिला. बाई उठून पडवीच्या टोकाला गेल्या आणि कान देऊन उभ्या राहिल्या. मुली एकमेकींना चिकटल्या. मी मात्र ऐकत होते. त्या आवाजात काहीतरी मला ओळखीचं वाटत होतं. शेवटची ओळ आली.

'वाट आम्ही सोडत नाई.'

आणि शेवटचा सूर लांबत गेला, लांबत गेला.

मला रडू फुटलं. सगळ्यांना वाटलं मी घाबरले. बाईंनी मला जवळ घेतलं. मला तर वाटलं की माझी मैत्रीण मेली. ती मेली म्हणूनच शाळेत आली नाही, कोणी आम्हाला सांगितलं नाही, आणि आता ती त्या तळ्यात आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्या झोपल्यावर मी उठले. मे महिन्यातली दुपार, पडवीच्या बाहेर पाऊल ठेवलं की टाळू भाजावी. बाई आजारी मुलीच्या कपाळावर ओली घडी ठेवून भिंतीला टेकून पेंगत होत्या. मी पंचा डोक्यावरून घेतला आणि पाळीवरून चालायला लागले. एवढी हिंमत कुठून आली ते मला आजही कळत नाही. मेलेली असली तरी ती माझी मैत्रीण आहे, ती मला काही करणार नाही, असं काहीसं मनात होतं. अर्ध्या वाटेवर मी खाली बसले. मग पुन्हा उठले.

मोहाच्या झाडांमागे एक खोपडी होती. पळसाच्या डहाळ्यांच्या भिंती, वर गवत. बाहेर काठीवर मासे धरायचं जाळं वाळत घातलेलं. तीन दगडांची चूल, एक काळं मडकं. भुतांना जाळं लागत नाही, हे बघून मला पहिल्यांदा श्वास घेता आला.

"कोण व्हय?" आतून आवाज आला.

मी माझं नाव सांगितलं. मग दाराशी ती आली, पांढरं लुगडं डोक्यावरून, अर्ध्या तोंडावरून ओढलेलं.

"तिथीच थांब," ती म्हणाली. "जवळ येऊ नोको."

"तू इथे काय करून राह्यलीस? मामी म्हणाली गावाला गेलीस. तुझं लग्न झालं का?"

ती हसली. हसताना पदर सरकला आणि मला तिचा गाल दिसला. गालावर फिकट तांबूस चट्टा होता, रुपयाहून मोठा. कानाची पाळी जाड, सुजल्यासारखी. तिनं पदर पुन्हा ओढला नाही. मला नीट बघू दिलं.

"महारोग हाये," ती म्हणाली. "दिवाळीतच हात बधिर झाला होता. मामीनं चट्टा पाह्यला अन् दुसऱ्या दिवशी मामा मले गावी सोडून आला. गावात राहू देईनात, म्हणून माय इथी घेऊन आली. हे मायचं माहेर. पण गावात नाई, इथी राहायचं, असं ठरलं. माय रोज पहाटे जाळं टाकते, अन् सावलीच्या बाजारात जाऊन विकते. तिथी कोणाले माहीत नाई."

तिनं डावा हात पुढे केला. दोन बोटांवर भाजल्याचे फोड होते. गरम मडकं उचललं तेव्हा समजलंच नाही, असं ती जणू दुसऱ्या कोणाची गोष्ट असावी तसं सांगत होती.

"आमची रांधणारी आजी म्हणते, तळ्यात पाटलाची सून आहे. तिला माहीत आहे तू इथे आहेस?" मी विचारलं.

"साऱ्या गावाले माहीत हाये. तुमच्या बाईले समजू नये, पोरींनं इकडं येऊ नये म्हणून ते पाटलाच्या सुनेचं काढलं असन." ती पुन्हा हसली. "मी पहिल्या दिवशी तुमचा आवाज ऐकला अन् मले वाटलं, मले भास होऊन राह्यला. मंग रोज वाट पाहाले लागली. तुम्ही तळ्यावर येणं काऊन बंद केलं?"

मी सांगितलं की आम्ही तिला भूत समजलो. ती इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं. मीही हसले. भर उन्हात, दहा पावलांचं अंतर ठेवून, आम्ही दोघी शाळेत हसायचो तशा हसलो. मग तिनं एकामागून एक विचारायला सुरुवात केली. भूमितीत कुठपर्यंत झालं, गाण्याच्या बाईंचं बाळ कसं आहे, बाकावर तिच्या जागी कोण बसतं. मी खोटंच सांगितलं की कोणी बसत नाही.

निघताना तिनं पळसाच्या पानाच्या द्रोणात टेंभरं, तेंदूची फळं, आणली आणि आमच्या मधल्या दगडावर ठेवून मागे सरकली. पिकलेली, पिवळीधमक. "मायनं सकाळीच आणले," ती म्हणाली. "कोणाले सांगू नोको. गायाले भेटते तेवढं तरी राहू दे."

"नाही सांगणार. उद्या येते."

मी द्रोण घेतला. पाळीवरून निम्मं अंतर येईपर्यंत हातात धरून होते. मग हात जड व्हायला लागला, घाम यायला लागला, आणि मी टेंभरं गवतात टाकून दिली. पाण्याशी उतरून वाळूनं हात घासले, पुन्हा घासले, तळहात लाल होईपर्यंत. वर बघितलं तर ती मोहाच्या झाडाखाली उभी होती. तिला दिसलं असेल की नसेल, माहीत नाही. पाळ सरळ होती आणि ऊन लख्ख होतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दुपार झाली की मी डोळे मिटून पडून राहायचे आणि स्वतःला सांगायचे की बाई जाग्या आहेत, जमणार नाही. संध्याकाळी ती गायची. मुली कानांत बोटं घालायच्या, आजी चुलीत मिरच्या टाकून धूर करायची, आणि मी एकटीच जाणत होते की ती कोणाला बोलावते आहे.

त्याच्या पुढच्या दिवशी आंघोळ करताना माझ्या दंडावर मला एक फिकट डाग दिसला. नखाएवढा. मी तो दाबून पाहिला. समजलं की नाही समजलं, तेच समजेना. दिवसभर मी पोलक्याची बाही खाली ओढत होते. डोळ्यांपुढे सारखा माझा कान येत होता, सुजलेला, आणि आई दारात उभी राहून म्हणते आहे, आता नाही येणार. संध्याकाळ व्हायच्या आत मी मोठ्या बाईंकडे गेले, खोलीत त्या एकट्या होत्या, आणि मी सगळं सांगून टाकलं. प्रार्थना, खोपडी, चट्टा, टेंभरं, सगळं. मग बाही वर केली.

बाईंनी माझा दंड उजेडाकडे वळवून पाहिला.

"हे शिबं आहे, वेडे," त्या म्हणाल्या. "घामानं येतं. गंधक लावलं की जाईल." मग त्यांनी माझी बाही खाली केली. "चार महिने ती पोर तिथे आहे? आणि औषध?"

"नाही, बाई."

"आता गोळ्या निघाल्या आहेत याच्यावर. बरा होतो. कोणी सांगितलंच नाही का यांना?" त्या उठल्या, चष्मा पुसला. "उद्या सकाळी मी जाते तिकडे. तू कोणाजवळ बोलू नकोस."

पण खोलीचं दार उघडं होतं, आणि दाराआड पाणी प्यायला आलेली एक मुलगी उभी होती. जेवणं व्हायच्या आत सगळ्यांना कळलं. ज्या तळ्यात आपण आंघोळ करतो, ज्याचं पाणी पितो, त्याच तळ्यात ती. दोन मुली ओकल्या. एक जण भांडी फेकायला लागली. आजारी मुलीचा बाप त्याच संध्याकाळी तिला न्यायला गाडी घेऊन आला होता, तो पडवीत उभा राहून ओरडला, गावाला नावं ठेवली, सावलीला जाऊन तक्रार करतो म्हणाला.

इतके दिवस गावानं त्या दोघींचं राहणं डोळेझाक करून चालवून घेतलं होतं. आता शहरातल्या माणसाच्या तोंडी आलं म्हटल्यावर त्यांना काहीतरी करून दाखवणं भाग होतं. सकाळी बाई निघायच्या आधीच आठदहा पुरुष कुऱ्हाडी आणि बांबू घेऊन पाळीवरून गेले. त्यांनी खोपडीला हात लावला नाही, बांबूनं लांबूनच ढकलून पाडली. मडकं फोडलं. जाळं बांबूवर उचलून पाण्यात टाकलं. आम्ही पडवीतून बघत होतो. आजी आमच्याबरोबर उभी होती, आणि तोंडात पदराचा बोळा धरून रडत होती. ती माझ्या मैत्रिणीच्या आईची सख्खी चुलत बहीण होती, हे त्या दिवशी कळलं.

मोठ्या बाई धावत गेल्या. त्यांना धावताना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. लांबून शब्द ऐकू आले नाहीत, नुसता त्यांचा हात हलताना दिसत होता. पुरुष खाली बघत उभे होते. पण खोपडी पडायची ती पडलीच होती. शेवटी बाई त्या दोघींबरोबर चालायला लागल्या. पुढे आई, डोक्यावर गाठोडं. मागे ती. तिच्या शेजारी, अगदी शेजारी, बाई. कोणी बैलगाडी दिली नाही. वाट आमच्या शाळेवरूनच जात होती. त्या पडवीसमोरून गेल्या तेव्हा मी खांबामागे सरकले.

तिनं वर पाहिलं नाही. लुगडं पूर्ण तोंडावरून ओढलं होतं, आणि पायात काही नव्हतं.

बाई दुपार कलल्यावर परत आल्या. त्यांनी दोघींना मोठ्या रस्त्यापर्यंत नेलं होतं आणि महारोग्यांच्या दवाखान्याच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली होती. नंतर मी पाणी घेऊन गेले तेव्हा त्या म्हणाल्या, "तू मला एकटीला सांगितलंस. दार मी लावून घ्यायला हवं होतं." त्यांनी पाणी घेतलं नाही. मी तांब्या घेऊन तशीच उभी राहिले.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला पुन्हा तळ्याच्या पायऱ्यांवर नेलं. आता भ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. आम्ही प्रार्थना म्हटली. शेवटची ओळ संपली आणि कोणी न सांगता सगळ्या गप्प राहिलो, समोर बघत. जी मुलगी भांडी फेकत होती तीच पहिल्यांदा हुंदके द्यायला लागली. पाण्यावर काही हललं नाही. दुसऱ्या दिवशी शिबिर गुंडाळून आम्ही चांद्याला परतलो.

त्या उन्हाळ्याबद्दल मी घरी काही बोलले नाही. शाळेतही पुन्हा कोणी विषय काढला नाही. माझा डाग पंधरा दिवसांत गेला.

पाच वर्षांनी मी मास्तरणीचं शिक्षण घेत होते तेव्हा मोठ्या बाईंचं पत्र आलं. त्या निवृत्त झाल्या होत्या. पत्रात चार ओळी होत्या. माझी मैत्रीण बरी झाली आहे, तपासणीत रोग निघत नाही, आता त्याच दवाखान्यात जखमा बांधायचं काम करते, जमलं तर भेटून ये. मी पत्र घडी करून पेटीत ठेवलं. मग रोज काढून वाचायचे. शेवटी एका रविवारी गेले. बसमध्ये मी काय बोलायचं ते पाठ करत होते, परीक्षेला करतात तसं.

दवाखाना गावाबाहेर होता. लांबच लांब पडव्या, पुढे जास्वंदीची झाडं, औषधाचा वास. ती एका म्हाताऱ्याच्या पायाला पट्टी बांधत होती. मी ओळखलं ते मान वाकडी करून काम करायच्या तिच्या लकबीवरून. चेहरा नितळ होता. डाव्या हाताची दोन बोटं वाकलेली होती, ती पट्टीचं टोक त्या दोन बोटांत अडकवून उजव्या हातानं गुंडाळत होती. तिची गाठ मारून होईपर्यंत मी थांबले. मग तिनं वर पाहिलं.

"या," ती म्हणाली. "बसा ना. तुम्ही कधी आल्या?"

तुम्ही. ती चिडून म्हणाली नव्हती. शहरातून कोणी शिकलेली बाई आली की जसं बोलायचं तसं बोलली होती. मी बाकावर बसले. तिनं माझ्यासाठी पाणी मागवलं, दुसऱ्याच्या हातून, वेगळ्या लोट्यात. ती काळजी माझ्यासाठी होती. मी पाणी प्यायले आणि पाठ केलेलं सगळं विसरले.

"मीच सांगितलं होतं बाईंना," मी म्हणाले.

"माहीत हाये. मोठ्या बाईंनं त्याच दिवशी रस्त्यात सांगितलं होतं. म्हणाल्या, तिच्यावर राग धरू नको, ती भ्याली होती."

"मग? धरलास?"

तिनं गुंडाळायची पट्टी मांडीवर ठेवली आणि विचार केला. खरंच विचार केला.

"तवा नाई धरला," ती म्हणाली. "इथी आलो तर मायले आत घेईनात, तिले रोग नव्हता. ते बाहेर झाडाखाली राह्यली. पावसाळ्यात तिले हगवण लागली. चार दिवसांत गेली. तवा धरला. मंग काम लागलं, शिकाले भेटलं. आता नाई आठवत."

मी रडले. ती माझ्या पाठीवर हात ठेवायला पुढे झाली आणि मध्येच थांबली, हात मागे घेतला. मी तो हात धरायला हवा होता. मी धरला नाही. मला आता भीती नव्हती, रोगाची मुळीच नव्हती. पण इतका उशीर झाल्यावर तो हात धरायचा हक्क आपल्याला आहे की नाही, हेच मला कळेना, आणि तेवढ्यात तिला कोणीतरी आतून हाक मारली.

"गाणं म्हणतेस अजून?" मी उठता उठता विचारलं.

"इथी सकाळी म्हणतात सारे. मी पट्ट्या उकळत असतो तवा," ती म्हणाली. "तुमची बस कितीची हाये?"

ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. म्हणाली, बस कधी कधी उशिरा येते, ऊन फार आहे, त्या कडुनिंबाखाली उभ्या राहा, रस्त्यावर राहू नका. मग नमस्कार केला आणि परत फिरली. मी कडुनिंबाखाली उभी राहिले. पडवीत ती पुढच्या माणसाच्या पायाशी बसली, पाण्याचं घमेलं जवळ ओढलं, आणि बस येईपर्यंत तिनं या बाजूला पाहिलं नाही. मी मात्र तिकडेच बघत होते.

त्यानंतर मी तिला दोन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर आलं, सुवाच्य अक्षरात, तब्येत बरी आहे, काम चांगलं चाललं आहे, तुमचं शिक्षण नीट होवो. दुसरं परत आलं. ती तिथून दुसऱ्या दवाखान्यात बदलून गेली होती, कुठे ते पाकिटावर कोणी लिहिलं नव्हतं. मोठ्या बाईंना विचारावं म्हटलं, तर त्याही त्या हिवाळ्यात वारल्या.